नवऱ्याच्या पणजीची सोडचिठ्ठी : शंभर वर्षांपूर्वीचा इंग्लंडातला घटस्फोट शोधायचा कसा?

रेडिंगची सून

नमस्कार मंडळी,

गेली अकरा वर्षं इंग्लंडात, रेडिंग गावी मुक्काम. नवरा इथलाच, मूळचा यॉर्कशरचा. लॉकडाऊनमध्ये लोक पाव भाजत बसले तेव्हा मी सासरची वंशावळ काढायला घेतली आणि ते खूळ अजून उतरलेलं नाही. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांची वही उघडली की सात पिढ्या धडाधड बाहेर पडतात. इथे जन्म, लग्न, मृत्यू, शिरगणती असं एकेक चिटोरं जोडत बसावं लागतं.

तर अडलंय ते असं. सासूबाईंची आजी, म्हणजे माझ्या नवऱ्याची पणजी. नाव-गाव देऊ नकोस असं घरून बजावलंय, म्हणून आपण तिला पणजीबाई म्हणू. १९०७ साली लीड्सला लग्न. १९११ च्या शिरगणतीत तिघंजण एका घरात : पणजोबा कापड गिरणीत कारकून, पणजीबाई, आणि दोन वर्षांचा मुलगा, म्हणजे सासूबाईंचे वडील. थेट १९२१ च्या शिरगणतीत पणजीबाई आणि बारा वर्षांचा मुलगा हॅरोगेटला. ती तिथे खोल्या भाड्याने देते. नावापुढे 'विधवा'.

घरातली गोष्टही तीच. पणजोबा पहिल्या महायुद्धात गेले. सासूबाई (वय ८४) दर नोव्हेंबरला लाल पॉपी (युद्धात पडलेल्यांच्या आठवणीचं फूल) लावतात ती आजोबांसाठी.

पण युद्धात पडलेल्यांच्या यादीत हे गृहस्थ नाहीत. मृत्यूची नोंद नाही. आणि गेल्या आठवड्यात ते सापडले. १९२१ सालीच, ब्रॅडफर्डला, ठणठणीत! शेजारी 'पत्नी' आणि एक वर्षाची मुलगी.

आता प्रश्न :
रीतसर घटस्फोट झाला होता की गडी नुसता निघून गेला?
झाला असेल तर कागद कुठे मिळतील? राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ऑनलाइन सूचीत १९२१ ते १९३० शोधलं, काही नाही.
आणि सासूबाईंना सांगायचं का?

कडक चहा

लीड्स ते ब्रॅडफर्ड म्हणजे फार तर दादर ते ठाणे. पळून जायचं तर माणसाने निदान समुद्र तरी ओलांडावा. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

निनावी नाना

मेलेल्यांची धुणी धुवायची हौस कशाला? त्या बाईने 'विधवा' लिहिलं म्हणजे तिला जगाला तेच सांगायचं होतं. विषय संपला.

कागदकीडा

नाना, विषय संपला तर आमच्यासारख्यांनी पोट कसं भरायचं? (लंडनमध्ये लोकांच्या वंशावळी शोधून देतो, धंदाच आहे.)

ताई, तुम्ही उलट्या टोकाने शोधताय. १९२१ मध्ये तो 'पत्नी'सोबत आहे. दुसरं लग्न कायदेशीर असेल तर घटस्फोट त्याच्या आधी हवा. म्हणजे १९११ ते १९२१ शोधा. आणखी एक. १९२१ च्या शिरगणतीत पहिल्यांदाच वैवाहिक स्थितीच्या रकान्यात घटस्फोटितांसाठी वेगळं अक्षर आलं. त्याआधी तसा पर्यायच नव्हता. पण पर्याय असून बायका 'विधवा'च लिहीत. हॅरोगेटसारख्या सोवळ्या गावात खोल्या भाड्याने देणारी बाई घटस्फोटित म्हणून दारावर पाटी लावेल का?

फायलींबद्दल : इंग्लंड आणि वेल्सच्या घटस्फोटाच्या फायली लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात 'जे ७७' या मालिकेत आहेत, १८५८ पासूनच्या. १९२७ पर्यंतच्या जवळजवळ सगळ्या टिकल्यात. त्यापुढे गळती, आणि १९३७ नंतरच्या म्हणाल तर हजारात एखादी. म्हणजे तुमची पणजी योग्य वेळी विभक्त झाली असं म्हणायचं (ह. घ्या.). १९१८ पर्यंतच्या स्कॅन करून वर्गणीवाल्या संकेतस्थळावर आहेत, त्यानंतरच्या मागवाव्या लागतात नाहीतर तिथे जाऊन पाहाव्या लागतात. सूचीत फक्त आडनाव टाका, 'जे ७७' एवढीच चाळणी लावा. स्पेलिंग उलटसुलट करून बघा, तेव्हाच्या कारकुनांचा हात फार ढिला होता.

आत्याबाई

मला एक कळत नाही. एवढ्या जुन्या काळी गिरणीतल्या कारकुनाच्या बायकोला कोर्टाची पायरी परवडायची तरी कशी? आमच्या सातारच्या वाड्यात भाडेकरू वकिलाला बघून लपायचे.

वकीलकाका

आत्याबाई, लाखमोलाचा प्रश्न. सोलापूरला चाळीस वर्षं वकिली केली, इंग्लंडच्या जुन्या कायद्याचं वाचन हा शौक. थोडं लांबेल.

१८५७ च्या कायद्याआधी इंग्लंडात घटस्फोट हवा तर पार्लमेंटात स्वतंत्र कायदा मंजूर करून घ्यावा लागे. एका नवरा-बायकोसाठी एक कायदा! दीडशेहून जास्त वर्षांत अशा तीनशेच्या वर जोड्या सुटल्या, त्यात अर्ज करून यशस्वी झालेल्या बायका फक्त चार. १८५८ पासून कोर्ट आलं, पण ते लंडनमध्ये एकच. पुढे ते हायकोर्टाच्या ज्या विभागात गेलं त्यात मृत्युपत्रं, घटस्फोट आणि जहाजांचे खटले एकत्र चालत. वकील मंडळी थट्टेने म्हणत : मृत्युपत्रं, बायका आणि बुडालेली जहाजं.

लीड्सच्या बाईला साक्षीदारांसकट लंडनला, स्ट्रँड रस्त्यावरच्या कोर्टासाठी, जाऊन राहायचं म्हणजे खर्च बघा. १९१४ साली गरीब पक्षकारांसाठी नवे नियम आले, त्यात वकील फुकट मिळू लागला. त्यातच युद्ध संपलं. १९११ साली सगळ्या इंग्लंड-वेल्समध्ये सहाशेच्या आतबाहेर घटस्फोट, १९२१ साली साडेतीन हजारांच्या घरात. चार वर्षं खंदकात काढून आलेला माणूस आणि चार वर्षं एकटीने घर चालवलेली बाई, दोघंही बदललेली.

पण मुख्य मेख पुढे आहे. बायकोने एकदा व्यभिचार केला की नवऱ्याला घटस्फोट. नवऱ्याने केला तर? तेवढं पुरेसं नाही! बायकोने व्यभिचार अधिक क्रूरता, किंवा अधिक दोन वर्षं टाकून देणं, असं दुहेरी सिद्ध करायचं. ही विषमता १९२३ साली गेली. तुमच्या पणजीबाई त्याच्या आधीच्या असणार. तेव्हा फाईल सापडली तर ती कशी वाचायची ते मला विचारा, नाहीतर फसाल.

मुक्ता स

काका, 'टाकून देणं' हा शब्द वाचून अंगावर काटा आला. तिकडेही टाकलेल्याच.

कडक चहा

आणि नवऱ्याने अर्ज केला तर बायकोच्या प्रियकराकडून रोख नुकसानभरपाई मागता यायची, हे खरंय का काका? दर काय असायचा?

वकीलकाका

खरंय. १९७० च्या कायद्याने बंद झालं. दर ज्युरी ठरवत असे. तुम्ही उशिरा जन्मलात.

निनावी नाना

आमच्याकडे हे सगळं काडीमोड करून सुटायचं. पंचांसमोर गवताची काडी मोडली, फारकत लिहून दिली, बाईने पाहिजे तर पाट लावला. इंग्रज स्वतःला सुधारलेला म्हणवतो आणि पार्लमेंट बोलावतो!

मुक्ता स

नाना, अर्धवट सांगू नका. काडीमोड आणि पाट होते, पण ब्राह्मण आणि त्यांचं बघून वागणाऱ्या जातींत नव्हते. त्या बायकांना कायदा मिळायला बडोदे संस्थानात १९३१ आणि मुंबई इलाख्यात १९४७ उजाडलं. जिथे काडीमोड होती तिथेही काडी कोणाच्या हातात असायची ते विचारा.

आणि इंग्रजांनी इकडे काय आणलं तर 'वैवाहिक हक्कांची पुनःस्थापना'. रखमाबाईंवर दादाजी भिकाजींनी १८८४ साली लावलेला दावा तोच. नांदायला ये, नाहीतर तुरुंग. १८८७ साली कोर्टाने तसा निकाल दिला आणि बाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन पण नांदायला जाणार नाही. हा दावा हिंदू शास्त्रातला नाहीच, इंग्लंडच्या धर्मपीठांच्या कायद्यातून आलेला. गंमत बघा, ज्या १८८४ साली इथे दावा दाखल झाला त्याच साली इंग्लंडने आपल्याकडची तुरुंगाची शिक्षा काढून टाकली होती.

कागदकीडा

अवांतर नाही हे. उलट मुद्द्यावर याल बघा.

अबर्डीनचा गणू

ताई, लग्न लीड्सला होतं हे बरं. स्कॉटलंडला असतं तर सगळंच निराळं. इथे सोळाव्या शतकापासून घटस्फोट आहे, व्यभिचाराचं कारण नवरा-बायको दोघांना सारखं, आणि चार वर्षं सोडून गेलं तर १५७३ च्या कायद्याने तेही कारण. खटले एडिंबराच्या वरिष्ठ न्यायालयात. सगळ्यात सोय म्हणजे लग्नाच्या मूळ नोंदीच्या समासात टीप असते, त्यावरून दुरुस्त्यांच्या वहीचं पान काढलं की घटस्फोटाची तारीख हजर. इंग्लंडच्या लग्नाच्या नोंदीत असलं काही मिळायचं नाही. बाकी थंडी सोडली तर आमच्याकडे सगळं बरंच आहे.

कडक चहा

आणि आयर्लंड?

अबर्डीनचा गणू

तिथे कोर्टच नव्हतं. १८५७ चा कायदा तिकडे लागू नव्हता, म्हणून आयरिश जोडप्यांना पुढेही पार्लमेंटचीच वाट.

इगतपुरीकर

आमच्या हिच्या आईकडचं घराणं अँग्लो-इंडियन, जीआयपी रेल्वेतलं. इगतपुरीच्या रेल्वे कॉलनीत तीन पिढ्या. हिच्या पणजोबांचा घटस्फोट मुंबई हायकोर्टात, १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्याखाली. घरात कोणी त्याविषयी चकार शब्द काढत नसे, पण ट्रंकेत निकालाची प्रत जपून ठेवलेली.

ज्यांचे पूर्वज हिंदुस्थानात नोकरीला होते त्यांच्यासाठी एक सावधगिरी. १९२१ साली लंडनच्या कोर्टाने कीज खटल्यात सांगितलं की ज्यांचं कायमचं घर इंग्लंडात आहे त्यांचं लग्न हिंदुस्थानातलं कोर्ट मोडूच शकत नाही. झाली का पंचाईत! इकडे सुटून पुन्हा लग्न केलेले साहेब-मडमा एका रात्रीत दोन-दोन जोडीदारांचे धनी. त्याच वर्षी पार्लमेंटने कायदा करून आधीचे निकाल वैध ठरवले. पुढे १९२६ मध्ये इथल्या हायकोर्टांना रीतसर अधिकार दिले. तेव्हा क्यूला काही मिळालं नाही तर मुंबई, कलकत्ता, मद्रासचाही विचार करावा. लग्नं, बाप्तिस्मे, दफनं यांच्या मुंबई इलाख्याच्या नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

आत्याबाई

इगतपुरीकर, एका रात्रीत दोन बायका! एवढ्यावर अख्खं नाटक उभं राहील.

रेडिंगची सून

सगळ्यांचे आभार. आडनावात एक 'ई' कमी करून शोधलं आणि सापडली!!! 'जे ७७', १९१९ ची फाईल. अर्जदार पत्नी. म्हणजे तिने सोडलं त्याला, त्याने नाही! पण सूचीत प्रकार लिहिलाय तो घटस्फोटाचा नाही, 'वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेसाठी पत्नीचा अर्ज' असा. म्हणजे ती त्याला परत बोलावत होती? मुक्ता, तुझी रखमाबाई आठवली, फक्त उलटी. आज दिवसभर कामात लक्ष नाही. गुरुवारी क्यूला जातेय.

कागदकीडा

ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेऊन जा, वाचकपत्र करावं लागेल. पेन घेऊ नका, फक्त पेन्सिल. मोबाईलने फोटो काढता येतात. फाईल आदल्या दिवशीच मागवून ठेवा. आणि फार अपेक्षा धरू नका : अर्ज, लग्नाचा दाखला, प्रतिज्ञापत्रं, हुकूम, एवढंच बहुधा निघतं. कोर्टात कोण काय बोललं ते फायलीत नसतं, ते वर्तमानपत्रात शोधायचं. १९२६ च्या कायद्याने वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलूप लावलं, पण त्याआधी मोलकरणीच्या साक्षीपासून पलंगाच्या वर्णनापर्यंत सगळं छापून यायचं.

कडक चहा

रेडिंगहून क्यूला, रीडिंगला. (कोणीतरी करणारच होतं, मीच केली.)

वकीलकाका

ताई, गुरुवारी जे काही वाचाल त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. आत्ता एवढंच.

रेडिंगची सून

आत्ताच परतले. ट्रेनमध्येच लिहायला घेतलं होतं, पण डोळे सारखे भरून येत होते.

पुडकं जेमतेम बोटभर जाड. दोन्ही अर्ज एकातच निघाले, हे नशीब. आधी १९१९ चा पुनःस्थापनेचा, मग १९२० चा घटस्फोटाचा. १९२० च्या जुलैत डिक्री नायसाय (तात्पुरता हुकूम), १९२१ च्या फेब्रुवारीत डिक्री ॲब्सोल्यूट (कायमचा). म्हणजे जूनमधल्या शिरगणतीला ती चार महिन्यांची घटस्फोटित होती, आणि लिहिलं 'विधवा'.

पण खरी गोष्ट पत्राची. प्रतिज्ञापत्रात तिने नवऱ्याला लिहिलेल्या पत्राची नक्कल आहे. 'तू घरी परत ये. मागचं सगळं विसरायला मी तयार आहे. पत्नी म्हणून तुझ्याशी चांगलंच वागेन.' खाली त्याचं दोन ओळींचं उत्तर : विचार पक्का आहे, मी येणार नाही. त्या वेळी तो ब्रॅडफर्डला दुसरीसोबत राहत होता, आणि ही त्याला म्हणते मागचं विसरेन! कसं लिहिलं असेल हो तिने?

आत्याबाई

अगं बाई गं. जीव तुटला वाचून. आमच्या मावशीने अशीच अकरा वर्षं वाट बघितली.

निनावी नाना

मी सुरुवातीला बोललो ते मागे घेतो.

वकीलकाका

आता मी दुष्टपणा करणार आहे, क्षमा असावी.

ते पत्र तिने नवऱ्यासाठी लिहिलेलं नाही. कोर्टासाठी लिहिलेलं आहे.

आठवा, बायकोला व्यभिचार अधिक आणखी काहीतरी हवं. टाकून देणं म्हणायचं तर दोन वर्षं थांबावं लागे. पण १८८४ च्या कायद्याने (मुक्ताताई म्हणाल्या तोच, तुरुंगाची शिक्षा काढणारा) एक पळवाट निर्माण झाली. कोर्टाने 'परत नांदायला जा' असा हुकूम दिला आणि नवऱ्याने तो पाळला नाही, तर त्या क्षणापासून त्याने बायकोला टाकलं असं धरलं जाई. दोन वर्षं थांबायला नको. वर व्यभिचार जोडला की झाला घटस्फोट. म्हणून घटस्फोट हवा असलेली बाई आधी 'परत ये' असा दावा लावी. आणि त्या दाव्याला अट अशी, की अर्जाआधी लेखी मागणी केलेली हवी, आणि तिची भाषा सलोख्याची हवी. दटावणीचं पत्र कोर्ट मानत नसे.

तेव्हा 'मागचं विसरायला तयार आहे' हे वाक्य वकिलाच्या कचेरीतलं. नवऱ्याचं उत्तरही बहुधा तिथल्याच सल्ल्याने. अशी पत्रं शेकडो फायलींत सापडतात, नावं बदला आणि तारीख बदला. पुनःस्थापनेचा अर्ज हा सोडचिठ्ठीचा पहिला हप्ता होता. तिला तो परत यायला नकोच होता. आला असता तर केस बुडाली असती!

कडक चहा

म्हणजे 'ये रे ये रे' म्हणायचं आणि मनात 'येऊ नको रे देवा'. काका, दंडवत.

मुक्ता स

काय विलक्षण आहे हे. तोच कायदा इकडे रखमाबाईंना दावणीला बांधायला, आणि तिकडे पणजीबाईंना दावण सोडवायला. कागदकीडा, तुम्ही म्हणालात तसं मुद्द्यावर आलो.

रेडिंगची सून

काका, खरं सांगू, आधी तुमचा राग आला. माझं रडू तुम्ही कोर्ट फीच्या पावतीत गुंडाळलंत. मग पुन्हा फोटो उघडले. बरोबर आहे तुमचं. भाषा ठोकळेबाज आहे. नवऱ्याला लिहिताना कोणी 'वैवाहिक सहवास' म्हणेल का? मला ते आधी दिसायला हवं होतं.

पण मग हसू पण आलं. तीस-पस्तिशीतली बाई, लंडनच्या वकिलाने सांगितलं तसं पत्र लिहिते, मोडीत निघालेलं लग्न मोडण्यासाठी आधी जोडायचं नाटक करते. घरात ती बिचारी म्हणून प्रसिद्ध. ही कसली बिचारी!

निनावी नाना

म्हणजे दोघांनी मिळून कोर्टाला बनवलं. मागे घेतलेलं पुन्हा पुढे ठेवतो.

वकीलकाका

नाना, दोघांनी मिळून बनवलं असं सिद्ध झालं असतं तर अर्ज फेटाळला गेला असता. त्यासाठी किंग्ज प्रॉक्टर नावाचा सरकारी अधिकारी असे. नायसाय आणि ॲब्सोल्यूटच्या मधले सहा महिने त्याच्यासाठीच : नवरा-बायकोची आतून मिलीभगत आहे का, अर्जदाराचं स्वतःचं काही लपवलेलं आहे का, हे तो हुंगत फिरे. एखाद्या शेजारणीने निनावी पत्र टाकलं तरी चौकशी लागे. त्या सहा महिन्यांत पणजीबाईंनी एखाद्या भाडेकरूबरोबर हॅरोगेटच्या बागेत चहा जरी घेतला असता तरी धोका होता. इथे मिलीभगतीची गरज नव्हती, ब्रॅडफर्डचं बाळ हाच पुरावा.

कडक चहा

शेजारणी सगळीकडे सारख्याच.

कागदकीडा

त्या बाळाबद्दल. ते १९२० चं, म्हणजे आईबापांच्या लग्नाआधीचं. १९२६ च्या कायद्याने नंतर लग्न केलेल्या आईबापांची मुलं औरस ठरू लागली, पण जन्माच्या वेळी आईबापांपैकी कोणी तिसऱ्याशी विवाहित असेल तर नाही. त्या मुलांना १९५९ पर्यंत थांबावं लागलं. म्हणजे सासूबाईंची ही सावत्र आत्या चाळिशीला टेकेपर्यंत कायद्याच्या लेखी अनौरस. ताई, तिची मुलं-नातवंडं असतील हं.

आणि ज्यांना 'जे ७७' मध्ये काहीच मिळत नाही त्यांच्यासाठी : फाईल नाही म्हणजे संसार धड होता असं नव्हे. गरिबांची वाट स्थानिक मॅजिस्ट्रेटकडे जायची. १८९५ च्या कायद्याने मारहाण झालेल्या किंवा टाकलेल्या बाईला वेगळं राहण्याचा हुकूम आणि आठवड्याला जास्तीत जास्त दोन पौंड पोटगी मिळे. पण पुन्हा लग्न करता येत नसे. मग लोक तसेच एकत्र राहत, शेजाऱ्यांना मिस्टर-मिसेस सांगत, किंवा सरळ दुसरं लग्न करून मोकळे होत. हे कागद जिल्ह्याच्या दप्तरखान्यात शोधावे लागतात आणि पुष्कळदा टिकलेले नसतात. माझ्याकडे येणाऱ्या दहा 'घटस्फोटां'तले निम्मे असेच निघतात.

शेवंती

पहिल्यांदाच लिहितेय, नुसती वाचत होते. ताई, सैन्याच्या कागदांचं पाहिलं का? युद्धात मेला नाही म्हणजे युद्धात गेलाच नाही असं नाही ना?

रेडिंगची सून

शेवंती, तुला माझ्याकडून पुरणपोळी. इतकं साधं सुचलं नव्हतं. पदकांच्या नोंदीत सापडले पणजोबा. फ्रान्सला होते. बाकी सेवापत्रक नाही.

कागदकीडा

नसणारच. पहिल्या महायुद्धातल्या शिपायांची निम्म्याहून जास्त सेवापत्रकं १९४० च्या बॉम्बहल्ल्यात लंडनमध्ये जळाली. पदकांच्या नोंदी वेगळ्या होत्या म्हणून वाचल्या.

आत्याबाई

म्हणजे पॉपी अगदीच वाया नाही म्हणायची. पण मूळ तिसरा प्रश्न राहिलाच की! सासूबाईंना सांगणार का? माझं मत, सांगू नये. ८४ व्या वर्षी माणसाला आजोबा परत मिळवून काय करायचं?

मुक्ता स

माझं उलट. आजोबा राहू द्या, आजी मिळतेय ना.

इगतपुरीकर

आमच्या हिच्या आईला आम्ही सांगितलं नव्हतं. ती गेल्यावर ट्रंक आवरताना कळलं की निकालाच्या प्रतीला नवा दोरा तिनेच बांधला होता. एवढंच सांगतो.

निनावी नाना

अर्धं सांगा. युद्धात गेले होते, हे सांगा. परत आले, हे विचारलं तर सांगा.

रेडिंगची सून

दोन आठवड्यांनी येतेय, धागा वर काढल्याबद्दल क्षमस्व.

आधी काकांसाठी. त्या पत्राचे फोटो मोठे करून पुन्हा वाचले. ठोकळेबाज वाक्यं संपल्यावर, सहीच्या आधी एक ओळ आहे. हात तोच, कारकुनाचा, पण हे वाक्य वकिलाचं वाटत नाही : मुलाचे बूट लहान झालेत, आणि हिवाळा जवळ आलाय.

काका, हेही नमुन्यात असतं का?

वकीलकाका

नाही. बूट नमुन्यात नसतात.

रेडिंगची सून

वाटलंच.

आता सासूबाई. नवरा म्हणाला तू सांग, मला जमणार नाही. रविवारी चहाला गेलो तेव्हा सगळे प्रिंट नेले होते. नानांचं अर्धं-अर्धं करायचं ठरवलं होतं, पण कागद टेबलावर ठेवले आणि त्यांनी चष्मा लावून स्वतःच वाचायला घेतलं. मी आपली खिडकीबाहेर बघत बसले. आजोबा ब्रॅडफर्डला होते, एक सावत्र आत्या होती, आजीने लंडनपर्यंत खटला नेला, सगळं त्यांनी क्रमाने वाचलं. चेहऱ्यावर काही नाही. यॉर्कशरची माणसं, तुम्हाला सांगते, कोकणातल्या म्हाताऱ्यांपेक्षा पक्की.

पत्रावर आल्या. दोनदा वाचलं. मग मला विचारलं, 'बूट पाठवले का त्याने?'

मी म्हटलं, फायलीत नाही ते.

'बाबांचे पाय वाकडे होते,' म्हणाल्या. 'बोटं आत वळलेली. आम्ही पोरं हसायचो.' आणि चहा ओतायला उठल्या.

पॉपीचा विषय मी काढला नाही, त्यांनीही काढला नाही.

आत्याबाई

काही लिहिता येत नाहीये.

कडक चहा

मलाही. नोंद घ्यावी.

कागदकीडा

ताई, लीड्स आणि हॅरोगेटची १९२० च्या उन्हाळ्यातली स्थानिक वर्तमानपत्रं बघायची राहिलीत. निकालाच्या बातमीत कधी कधी पोटगीचा आकडा येतो, मुलाचा ताबा कोणाकडे तेही. आणि १९३९ ची राष्ट्रीय नोंदवही बघा, तिच्यात वैवाहिक स्थितीचा रकाना आहे.

रेडिंगची सून

१९३९ बघितली. हॅरोगेट, तेच घर, पुढे 'विधवा'. वर्तमानपत्रं पुढच्या आठवड्यात.

नवा भिडू

नमस्कार, छान धागा. माझ्या काकांचा १९५२ चा मुंबईतला घटस्फोट शोधायचा आहे. कुठून सुरुवात करू?

वकीलकाका

नवा धागा काढा. आणि काकू हयात असतील तर आधी त्यांना विचारा.